आधी साल वाळवा, यंत्राचे नंतर बघू

प्रति,
संचालक मंडळ,
डाळिंब प्रक्रिया करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या,
सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ, माळशिरस आणि उर्वरित सोलापूर जिल्हा

विषय : दाणे आणि रसाच्या कारखान्यातून निघणाऱ्या डाळिंबाच्या सालीचा अर्क काढण्याबाबत

स.न.वि.वि.

अर्क काढण्याची यंत्रे विकणारी मंडळी हल्ली प्रक्रिया उद्योगांच्या बैठकांना हजेरी लावतात. त्यांच्या चित्रफितीत औद्योगिक भांगेचा, म्हणजे हेंपचा, पाला एका चकचकीत स्टीलच्या नळकांड्यात जातो आणि पलीकडून सोनेरी तेल टपकते. हेच यंत्र डाळिंबाच्या सालीलाही चालेल, असे पुढे सांगितले जाते. चालणार नाही. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी त्याचे कारण समजून घ्यावे, म्हणून हे पत्र.

हेंपच्या पाल्यात आणि फुलोऱ्याच्या कचऱ्यात जे कामाचे द्रव्य असते, ते कॅनाबिडिऑल. ते तेलात विरघळते, पाण्यात जवळपास नाहीच. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि सुमारे ७४ बार दाबाच्या पुढे नेला की तो तेलकट द्रव्ये ओढून घेतो. त्या यंत्राचा सगळा खेळ एवढाच. शिवाय झाडात हे द्रव्य आम्लरूपात असते, म्हणून पाला आधी ११०-१२० अंशांवर तापवून त्याचे रूपांतर करावे लागते. डाळिंबाच्या सालीचे सगळे याच्या उलट. तिच्यातले मोलाचे द्रव्य म्हणजे टॅनिन, त्यातही मुख्यतः प्युनिकॅलॅजिन. रेणू मोठा, रेणूभार १०८४, पाण्यात सहज उतरणारा, तेलाशी न जुळणारा. नुसता कार्बन डायऑक्साइड त्याला हातही लावत नाही, आणि उष्णता जास्त झाली की ते तुटते. ते यंत्र आपल्याकडे फार तर बियांच्या तेलाला उपयोगी पडेल. तेही सालीचा प्रश्न सुटल्यावर.

सालीसाठी तीन गोष्टी लागतात : वेळेवर वाळवण, लोह नसलेले पाणी आणि स्टेनलेस स्टीलची भांडी. अडते ते बहुतेक पहिल्याच गोष्टीत.

हिशेब आधी करू. एक टन भगवा जातीचे डाळिंब फोडले की साल आणि आतले पडदे मिळून साधारण ४०० ते ४५० किलो निघतात. ओल्या सालीत ७० टक्क्यांच्या आसपास पाणी. म्हणजे ४०० किलो ओल्या सालीतून १० टक्के ओलाव्याची वाळलेली साल निघेल १३० किलोंच्या घरात. त्यातला गरम पाण्यात उतरणारा भाग तिसऱ्या हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत. हा सगळा भाग टॅनिन नसतो. साखर, पेक्टिन आणि सेंद्रिय आम्लेही त्यातच येतात. ‘एका टनातून पन्नास किलो अर्क’ असे कोणी सांगितले तर आकडा खोटा नसेल, पण त्या पन्नासात टॅनिन किती, हे विचारल्याशिवाय उठू नका.

आता साल बिघडते कशी ते बघा. फळ फोडल्याबरोबर सालीतले एंझाइम आणि हवेतला ऑक्सिजन मिळून टॅनिन तपकिरी करू लागतात. ढीग करून ठेवली की आतून गरम होते. चिकटलेल्या दाण्यांच्या रसामुळे आंबते, आणि दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते. सकाळी फोडलेल्या मालाची साल संध्याकाळी ट्रॅक्टरमध्ये भरायची आणि दुसऱ्या दिवशी कुठेतरी पसरायची, ही पद्धत असेल तर पुढे कितीही भारी यंत्र लावा, निकृष्टच माल हाती येईल. आमचा निकष असा : फळ फोडल्यापासून सहा तासांच्या आत साल ट्रेमध्ये आणि ट्रे वाळवणीत. त्याहून उशीर होणार असेल तर ती साल कंपोस्टकडे.

फोडणीच्या टेबलापाशीच दोन रंगांचे क्रेट ठेवा. एकात निरोगी फळाची साल. दुसऱ्यात तडकलेल्या, आतून काळ्या पडलेल्या आणि तेल्याच्या, म्हणजे जिवाणूंमुळे येणाऱ्या रोगाच्या, डागांच्या फळांची. तेल्याचे डाग वरवरचे असतील तर रंगाईसाठी ती साल चालते. खाद्य दर्जासाठी नाही. आत बुरशी शिरलेले फळ मात्र कशालाच घेऊ नका, कारण बुरशीचे विष वाळवल्याने जात नाही. डहाळ्या, खोडाची किंवा मुळाची साल चुकूनही मिसळू नये. तिच्यात पेलेटिएरीन गटातली अल्कलॉइड असतात आणि खाद्य अर्काचा सगळा लॉट त्यामुळे नापास होऊ शकतो. उलट विरळणीत काढलेली कोवळी फळे आज बांधावर टाकली जातात, त्यांच्यात टॅनिनचे प्रमाण पक्व फळापेक्षा जास्त असते. रंगाईच्या मालासाठी ती वेगळी गोळा करण्यासारखी आहेत.

फवारणीचा मुद्दा कोणी उघडपणे बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. दाणे खाणाऱ्याच्या पोटात साल जात नाही. अर्क घेणाऱ्याच्या पोटात सालच जाते, आणि तीही आटवून. तेल्यासाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणाचे तांबे सालीवर बसलेले असते. साध्या पाण्याने ते पुरते निघत नाही, सायट्रिक आम्लाच्या सौम्य पाण्याने बरेच निघते. पण ही धुलाई अखंड फळाची, फोडण्याआधी करायची. फोडलेली साल धुतली तर टॅनिनच वाहून जाते. कीटकनाशकांचे अंश मात्र धुण्यावर सोडता येत नाहीत. अनारनेटवर, म्हणजे निर्यातीच्या डाळिंब बागांच्या नोंदणीत, नोंद असलेल्या बागांचा फवारणीचा हिशेब लिहिलेला असतो. खाद्य दर्जाची साल फक्त अशाच बागांची घ्या आणि बाकीची सरळ रंगाईकडे वळवा.

वाळवण. साल अर्धा ते एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत कापा. अख्ख्या वाट्या वाळवल्या तर वरून कडक आणि आतून ओल्या राहतात, मग पोत्यात बुरशी येते. एंझाइम मारायचे असेल तर दोन-तीन मिनिटे वाफ द्या. उकळत्या पाण्यात बुडवू नका, कारण पिवळे झालेले ते पाणी म्हणजे तुमचा अर्कच असतो आणि तो गटारात जातो. ट्रेवर दर चौरस मीटरला तीन ते चार किलो ओली साल, हवा ५० ते ५५ अंश, ८ ते १० तास. ६० अंशांच्या वर गेलात तर काम लवकर उरकते, पण रंग गडद होतो आणि टॅनिन घटते. उन्हात उघड्यावर टाकलेली साल धूळ तर खातेच, शिवाय थेट उजेडात तिचा कस उतरतो. काळे कापड किंवा शेडनेट वर असलेला सोलर टनेल बरा.

४०० किलो सालीला या हिशेबाने १०० ते १३० चौरस मीटर ट्रे लागतात. यंत्राच्या कोटेशनमध्ये ही ओळ सहसा नसतेच.

मृग बहाराचा माल डिसेंबर-जानेवारीत येतो, हस्त बहाराचा मार्च-एप्रिलमध्ये. सोलापूरच्या त्या कोरड्या हवेत सोलर टनेल उत्तम चालतो. आंबे बहाराचा माल मात्र जुलै-ऑगस्टच्या आसपास, ऐन पावसाळी हवेत निघतो. तेव्हा गरम हवेची सोय हवीच. विजेवर ४०० किलो साल वाळवायची म्हणजे अडीचशे किलोंहून अधिक पाणी उडवायचे. ट्रे ड्रायरची कार्यक्षमता निम्मी धरली तर सुमारे ३४० युनिट. १३० किलो मालासाठी हे परवडत नाही. ब्रिकेटवर चालणारी गरम हवेची भट्टी घ्या, पण धूर ट्रेच्या हवेत मिसळणार नाही अशी, उष्णता विनिमयक असलेली घ्या. धुराचा वास लागलेली साल खाद्य अर्कवाले घेत नाहीत.

वाळलेली पट्टी वाकवली की कट् आवाज होऊन मोडली पाहिजे. वाकली तर परत ट्रेवर. दर लॉटचा नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवून ओलावा मोजा. दहा टक्क्यांच्या खाली हवा. पोत्याला आतून प्लॅस्टिकचे अस्तर, गोदाम अंधारे, खाली लाकडी फळ्या. साल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे जुलैत उघडे राहिलेले पोते आठवड्यात मऊ पडते.

इथपर्यंत नीट जमले तर तुमच्याकडे विकण्याजोगा माल तयार आहे, आणि आमच्या मते पहिला हंगाम इथेच थांबावे. तरीही अर्काची उत्सुकता असेल, म्हणून त्याचीही रीत देतो.

हॅमर मिलला अर्धा ते एक मिलिमीटरची जाळी लावा. त्याहून बारीक केले तर अर्क लवकर उतरतो खरा, पण गाळणी तुंबते. टाकी, पंप, नळ, झडपा सगळे ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस. एक लोखंडी नट किंवा जीआय पाइपचा तुकडा राहिला तरी अर्क निळाकाळा होतो. जुन्या काळी शाई याच क्रियेने होत असे. बोअरच्या पाण्याची परीक्षा सोपी आहे. ग्लासभर पाण्यात चिमूटभर सालपूड टाकून पाव तास ठेवा. पाणी करडे झाले तर त्यात लोह आहे. आपल्या भागातल्या क्षाराच्या पाण्याची दुसरी खोड म्हणजे ते तापल्यावर अल्कधर्मी होते आणि अल्कधर्मी पाण्यात टॅनिन भराभर तपकिरी पडते. आरओचे पाणी वापरा आणि सामू साडेतीन ते साडेचारमध्ये ठेवा. सालीचा स्वतःचा आंबटपणा बहुधा पुरतो, कमी पडला तर थोडे सायट्रिक आम्ल.

एका भाग सालीला दहा भाग पाणी, ५५ ते ६० अंश, सतत हलते ठेवून ४० मिनिटे. गाळून चोथ्यावर पुन्हा सहा भाग पाणी, अर्धा तास. हा दुसरा पातळ अर्क पहिल्यात ओतू नका. पुढच्या घाण्याला पहिले पाणी म्हणून तोच वापरा. आटवायचे पाणी त्यामुळे बरेच वाचते. ‘उकळले तर जास्त उतरेल’ हा मोह आवरा. उकळल्याने पेक्टिन सुटते, अर्क बुळबुळीत होतो, फिल्टर प्रेस बंद पडतो आणि प्युनिकॅलॅजिन तुटून एलॅजिक आम्ल होते. एलॅजिक आम्ल पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे टाकीच्या तळाशी पिवळसर करडा बारीक गाळ बसतो. तो घाण समजून धुऊन टाकू नका. वेगळा काढून, वाळवून, तपासून घ्या. बाजारात त्या द्रव्याला स्वतंत्र गिऱ्हाईक असते. पेक्टिनचा त्रास फारच झाला तर अर्क ४५-५० अंशांवर आणून पेक्टिनेज एंझाइम तासभर द्यावे आणि मग गाळावे.

खर्च पुढे आहे. १३० किलो सालीतून पहिल्या उतारात साधारण हजार लिटर अर्क हाती येतो, उरलेले पाणी चोथा धरून ठेवतो. त्यात ३० टक्के घन द्रव्य होईपर्यंत तो आटवायचा म्हणजे साडेआठशे लिटरच्या पुढे पाणी उडवणे आले. एकाच टप्प्याच्या निर्वात बाष्पकात त्याला बगॅसच्या ब्रिकेट किमान १८०-१९० किलो लागतील, स्प्रे ड्रायरचा खर्च वेगळा. निर्वात अशासाठी की पाणी ५५ अंशांच्या आसपासच उडावे. उघड्या कढईत आटवलेला अर्क काळा गूळच होतो. स्प्रे ड्रायरमध्ये आत जाणारी हवा १५०-१६० अंश, बाहेर पडणारी ७५-८५. साखरेमुळे पूड भिंतीला चिकटते म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. घालायला हरकत नाही, पण किती टक्के घातले ते पोत्यावर लिहा.

अल्कोहोल घालून काढलेल्या अर्काची तारीफ ऐकली असेल. ५० ते ७० टक्के इथेनॉलमध्ये फेनॉलिक द्रव्ये चांगली उतरतात आणि पेक्टिन मागे राहते, हे खरे. जिल्ह्यात साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्याही आहेत. पण इथेनॉल साठवायचे तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, स्फोटरोधक मोटारी, वायरिंग आणि अग्निशमन हे सगळे आले. रेझिनच्या स्तंभातून शुद्ध प्युनिकॅलॅजिन काढण्याच्या पद्धतीलाही शेवटी अल्कोहोलच लागते. हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे काम आहे.

आता आम्हाला खरे जे सांगायचे आहे ते. सालीचे पहिले गिऱ्हाईक परदेशी औषध कंपनी असेलच असे नाही. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असू शकते. डाळिंबाच्या सालीचा रंग म्हणून वापर जुनाच आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, सोलापूरच्या डाळिंबालाही आहे. दोन्ही एकाच जिल्ह्यात असताना सालीचे पाणी आटवण्यात इंधन का जाळायचे? रंगाईला पातळ अर्कच लागतो.

दहा किलो सुताच्या लडींसाठी अडीच किलो वाळलेली साल २०० लिटर पाण्यात ८०-८५ अंशांवर तासभर ठेवून गाळावी. इथे शुद्ध प्युनिकॅलॅजिन नको, टॅनिन आणि रंग हवा, म्हणून जास्त तापमान चालते. सूत आधी नीट स्कावर केलेले असावे. मेण किंवा खळ राहिली तर डागडाग येतात. लडी ५० अंशांवर टाकून हळूहळू ८० पर्यंत न्यावे आणि पाऊण तास फिरवत राहावे. मग पिळून दीड किलो तुरटीच्या वेगळ्या पाण्यात अर्धा तास, आणि पुन्हा सालीच्या त्याच पाण्यात. मऊ, किंचित हिरवट पिवळा येतो. मेंदी-करडा हवा असेल तर शेवटी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, सुताच्या वजनाच्या एक-दोन टक्के, दहा मिनिटे. हिराकस वाढवला तर रंग काळसर होतो, पण सूत काही महिन्यांत कमजोर पडते. काळ्या रंगाच्या हौशीपायी चादर फाटली की नाव सोलापूरचे जाते.

टॉवेलला हा रंग आम्ही सुचवणार नाही. टॉवेल रोज धुतला जातो, साबणाच्या पावडरीचे पाणी अल्कधर्मी असते आणि पिवळा त्यात तपकिरीकडे झुकतो. तुरटी जास्त झाली तर कापड खरखरीत लागते. चादर, पडदे, भिंतीवरच्या जॅकार्ड पट्ट्या, जे क्वचित धुतले जाते, तिथून सुरुवात करावी. उन्हातला टिकाऊपणाही मध्यमच असतो, गिऱ्हाइकाला ते आधी सांगावे.

रंगाईवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते : दर लॉटची छटा वेगळी. जात, बहार, पक्वता, वाळवण यांनी टॅनिन बदलते, त्यामुळे वजनावर साल घेतली की छटा हलणारच. दुधाला फॅट लावून भाव देतो तसा सालीला टॅनिन लावून भाव ठरवा, आणि रंगाईवाल्यानेही सालीचे वजन न धरता टॅनिन धरून घाणा टाकावा. फोलिन-सिओकाल्टू चाचणी यासाठी पुरेशी आहे. ती साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे आणि विद्यापीठाकडे सल्ला मागता येईल. खाद्य अर्काला मात्र ही चाचणी अपुरी आहे. ती सगळी फेनॉलिक द्रव्ये एकत्र मोजते, शिवाय क जीवनसत्त्वासारखी इतर द्रव्येही त्यात धरते. तिथे एचपीएलसीचा, म्हणजे प्रत्येक द्रव्य वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल हवा, आणि त्यात प्युनिकॅलॅजिन व एलॅजिक आम्ल वेगवेगळे लिहिलेले हवे. दुसऱ्या झाडातले स्वस्त एलॅजिक आम्ल मिसळून ‘चाळीस टक्के’ म्हणून डाळिंब अर्क विकण्याचा प्रकार या धंद्यात जुना आहे. अशा मालात एलॅजिक आम्ल भरपूर आणि प्युनिकॅलॅजिन नावालाच, म्हणून जाणता खरेदीदार आधी तेच बघतो.

औषधी गुणांचे दावे पाकिटावर छापू नका. खाद्य म्हणून विकायचे तर एफएसएसएआयचे नियम, आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचे तर त्या औषधाच्या उत्पादनाचा परवाना.

उरलेला चोथा दाबून पाणी काढल्यावर कंपोस्टला चालतो. टाकी धुतलेले तपकिरी पाणी ओढ्यात सोडता येणार नाही. टॅनिनमुळे त्याची ऑक्सिजनची मागणी फार असते आणि बायोगॅसच्या टाकीतले जंतूही त्याने मंदावतात. चुन्याच्या निवळीने बराचसा टॅनिन गाळ खाली बसतो. तरी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कारखान्याच्या नकाशासोबतच मागावी.

पुढच्या बैठकीत यंत्राचा ठराव तहकूब ठेवून आमच्या विनंतीवरून एवढे ठरवावे : फोडणीच्या टेबलाला दोन क्रेट, शेजारच्या दोन-तीन कंपन्यांत मिळून एक वाळवणी, आणि निदान एका रंगाई कारखान्याशी टॅनिनच्या टक्केवारीवर लेखी सौदा. वाळवणीचे ट्रे आंबे बहाराच्या तोडणीआधी बसायला हवेत, म्हणजे क्षेत्रफळ आणि भट्टीची मागणी मार्चअखेर नक्की झाली पाहिजे.

कळावे,
वनस्पती-अर्क आणि सूतरंगाईच्या कामातील काही मंडळी,
सोलापूर